चहानंतरचा रकाना

मिलीच्या आजाराचं कारण घरात प्रत्येकाला ठाऊक होतं. अडचण एवढीच, की एकाचं कारण दुसऱ्याच्या कारणाशी जुळत नव्हतं. थोरल्या भावाच्या मते आळस. आत्याच्या मते सहा वर्षांपूर्वी मोडलेलं लग्न. डॉक्टर जावयाच्या मते व्यायामाचा अभाव. आणि धाकटीच्या मते ज्या तापापासून हे सुरू झालं त्या तापाचा विषाणू, जो म्हणे अजून शरीरात कुठेतरी दबा धरून बसला होता. वहिनीचं मत दिवसागणिक बदलायचं. ज्या दिवशी तिची स्वतःची पाठ धरलेली असायची त्या दिवशी ते सगळ्यांत कडक असायचं. ज्या तज्ज्ञ बाईंनी तीन वर्षांपूर्वी कागदावर ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ असं लिहून दिलं होतं, त्यांनी मात्र “नेमकं कारण अजून कोणालाच ठाऊक नाही,” असं सरळ सांगितलं होतं. सगळे हसले होते. एवढी फी घेऊन ‘ठाऊक नाही’! त्या दिवसापासून त्या बाई या घराच्या नजरेतून उतरल्या त्या उतरल्याच. तीन पिढ्या वजनकाटे दुरुस्त करणारं घर हे. ज्याचा आकडा येत नाही ती गोष्ट नसतेच, अशी इथली पक्की समजूत.

रविवारी सगळे खाली कारखान्यात जमले, कारण बाबांचे गुडघे. वर राहायचं घर, खाली कारखाना, मध्ये सतरा पायऱ्या. गेली दोन वर्षं बाबा त्या चढलेच नव्हते. कारखान्याला लागून असलेल्या खोलीत त्यांची खाट टाकलेली होती. त्यामुळे बाबांना मिली दिसायची ती फक्त तिला खाली येता येईल त्या दिवशी. धुतलेले केस, हसरं तोंड, हातात चिमटा. उरलेल्या दिवसांची मिली त्यांनी पाहिलेलीच नव्हती, आणि आपण पाहिलेलं नाही हेही त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं.

“विषय एकच आहे,” थोरला म्हणाला. “काचेची खोली.”

काचेची खोली कारखान्याच्या मागच्या कोपऱ्यात होती. तिथे पंखा नाही, खिडकी उघडायची नाही. साध्या झुळकीनं मिलिग्रॅमचा आकडा पळतो. आत एकच दगडी टेबल आणि सोळा वर्षं त्याच्यामागे मिली. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून बाबांनी ठेवलेलं हे नाव. शाळेतलं नाव काय होतं ते आता आत्यालासुद्धा आठवत नसे.

“महिन्यातून आठ-दहा दिवस ती खाली येते, ते पण दोन-दोन तास. बाकी टेबल धूळ खातंय,” थोरला म्हणाला. “मी एक कारागीर बघितलाय. तो यायला तयार आहे. त्याला टेबल लागेल.”

“माझं टेबल,” मिली म्हणाली.

ती आरामखुर्चीत मान मागे टाकून बसली होती. डोळ्यांवर काळा चष्मा.

“घरात काळा चष्मा,” आत्या वहिनीला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू. “नटीच ती.”

“प्रकाश टोचतो, आत्या.”

“प्रकाश नाही गं टोचत, माणसं टोचतात. मी चाळीस वर्षं शाळेत काढली. परीक्षा आली की अर्ध्या वर्गाचं पोट दुखायचं.”

“आणि परीक्षा संपली की?”

“थांबायचं.”

“मग माझी परीक्षा तीन वर्षं चालू आहे म्हणायची. निकाल लावा की एकदाचा.”

आत्यानं तोंड वाकडं केलं. एकोणऐंशी वर्षांची ही बाई स्वतः रोज दुपारी दोन तास झोपायची आणि त्याला ‘पाठ टेकणं’ म्हणायची. मिली झोपली की मात्र तो मनाचा आजार.

आता डॉक्टरांची पाळी. जावईबापू हाडांचे डॉक्टर, पण मत सगळ्या अवयवांवर. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पेशंटशी बोलतात तो खास मऊ आवाज काढला.

“ताई, रागावू नका. तुमचे सगळे रिपोर्ट मी स्वतः बघितलेत. रक्त नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, हृदय नॉर्मल. खरं सांगू? माझ्यापेक्षा तुमचे रिपोर्ट चांगले आहेत.”

“मग उद्यापासून रिपोर्टांनाच पाठवते कामाला.”

वहिनीला हसू आलं. तिनं ते खोकल्यात लपवलं. नणंदेची जीभ तिला पहिल्यापासून आवडायची. राग होता तो वेगळाच. वर ताट नेऊन देणं, ते परत आणणं, दाराशी पावलं न वाजवता चालणं, हे तीन वर्षं तिच्या वाट्याला आलं होतं, आणि आजाराला नाव असूनही त्याबद्दल तिचं कौतुक करायला कोणी तयार नव्हतं. साधा पाय मोडला असता तर चार लोक म्हणाले तरी असते, वहिनीनं फार केलं.

“माझं म्हणणं सोपं आहे,” डॉक्टर म्हणाले. “पडून राहिलं की स्नायू सुटतात. स्नायू सुटले की थकवा येतो. थकवा आला की माणूस पुन्हा पडतो. रोज थोडं-थोडं चालणं वाढवत न्यायचं. आज शंभर पावलं, उद्या—”

“जुनं झालं ते,” धाकटी म्हणाली.

नवरा-बायकोचं हे भांडण नवं नव्हतं. आज फक्त त्याला प्रेक्षक जास्त होते. धाकटी एका प्रयोगशाळेत नमुने तपासायची, आणि बहिणीच्या आजारावर जे हाती पडेल ते वाचायची.

“व्यायाम वाढवत न्या हा सल्ला आता पुष्कळ ठिकाणी मागे घेतलाय. यांना श्रम झाले की त्रास वाढतो. आणि तो लगेच दिसत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो. कोणी म्हणतं प्रतिकारशक्ती बिघडते, कोणी म्हणतं पेशींना ऊर्जाच तयार करता येत नाही. वाद चालू आहे. पण आळस म्हणून कोणी हसत नाही आता.”

“कुठे वाचलंस? फोनवर?”

“तुमच्याच डॉक्टरांच्या मासिकांत. तुझी घरी येतात, फोडत नाहीस तू ती.”

“बरं, बरं,” थोरल्यानं हात वर केले. “तुमचं शहाणपण तुमच्या घरी. इथे वाद घालून काय उपयोग? आपण काटेवाले माणसं. काट्याबद्दल शंका आली की काय करतो आपण? भांडत बसतो? पूर्ण वजन ठेवून बघतो.”

या घरात यापेक्षा मोठं शास्त्र नव्हतं.

“प्रयोगशाळेचे अकरा काटे आलेत,” थोरला पुढे म्हणाला. “सगळ्यांचे कोपरे लावायचेत. मिलीनं आज आपल्या सगळ्यांसमोर बसावं. पूर्ण दिवसाचं काम. जमलं तर आजारबिजार काही नाही. परवापासून आठ ते सहा यायचं आणि टेबल तिचं. नाही जमलं तर तिनं गुपचूप टेबल सोडायचं.”

वहिनीनं नवऱ्याकडे पाहिलं. त्या अकरांपैकी दोन काट्यांच्या आतले ठोकळे थोरल्यानं गेल्या आठवड्यात घासून-घासून वाया घालवले होते, आणि नवे मागवून बसवले होते. जुने दोन तिच्याच खणात जुन्या पावत्यांखाली पडलेले होते. नाचता येईना अंगण वाकडं; आणि आता ते अंगण झाडायला बहीण हवी होती. ती आजारी नाही हे सिद्ध करायचं, आणि तिच्याखेरीज कोणाला येत नाही ते कामही करून घ्यायचं. वहिनी काही बोलली नाही. बोलली असती तर संध्याकाळी घरात भांडण झालं असतं, आणि खरं सांगायचं तर तिलाही निकाल हवाच होता.

“म्हणजे जमलं तर मी खोटारडी,” मिली म्हणाली, “आणि नाही जमलं तर निकामी.”

“असं कोण म्हणालं?”

“तुझी अट म्हणाली, दादा.”

तिनं चष्मा काढला. एकेकाचं तोंड बघितलं. सात तास बसलं तर काय होईल ते तिला नेमकं ठाऊक होतं. तीन वर्षांत शरीराचा तेवढा अभ्यास झाला होता. आज काही होणार नाही. आज हात चालतील, डोकंही चालेल, एखादा विनोदसुद्धा होईल. उद्या अंग जड होईल. आणि परवा कोणीतरी मागून येऊन सगळे दिवे मालवेल. ते दिवे परत लागायला आठवडा लागेल का दोन महिने, ते नाही सांगता येत. पण निकामी ठरण्यापेक्षा खोटारडं ठरणं बरं. त्यात टेबल तरी राहत होतं. त्या टेबलामागे बसलेली असताना ती आजारी बाई नसायची. बाकी सगळीकडे असायची.

“करते,” ती म्हणाली. “एकच सांगते. मला आज बघू नका. परवा बघा.”

“परवा मंगळवार,” डॉक्टर म्हणाले. “माझा ऑपरेशनचा दिवस.”

“मला दात दाखवायचाय,” आत्या म्हणाली.

“परवा कोणाला वेळ आहे?” थोरला म्हणाला. “जे काय आहे ते आज.”

मिलीनं बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे हो. त्यांना तिचे हात चालताना बघायचे होते, एवढंच. त्यापुढचा विचार त्यांनी केला नव्हता.

साडेनऊला मिली काचेच्या खोलीत गेली.

काट्याच्या पोटात एक ॲल्युमिनियमचा ठोकळा असतो. त्याला कारखान्यात सेल म्हणतात. ताटलीच्या चारही कोपऱ्यांत एकच वजन आळीपाळीनं ठेवायचं. चारही ठिकाणी आकडा सारखा आला पाहिजे. जिथे फरक पडतो तिथे सेलला कानस लावायची, अगदी केसभर. जास्त घासलं की सेल गेला. घासलेलं परत भरून येत नाही. हे पुस्तक वाचून येत नाही आणि ओरडूनही येत नाही, आणि थोरल्याला या दोनच रीती ठाऊक होत्या.

बाबा काचेला लागून खुर्ची टाकून बसले. मिलीनं पहिल्या काट्याची ताटली काढली, वजन ठेवलं, आकडा बघितला, कानस उचलली. दोनदा फिरवली. थांबली. पुन्हा वजन. आकडा जागेवर. बाबांचे डोळे भरून आले. हे हात त्यांच्या वडिलांचे होते. एक पिढी चुकवून या मुलीकडे आलेले. बाबांना स्वतःला ते मिळाले नव्हते, थोरल्याला तर त्यांची चाहूलही नव्हती.

मग त्यांना राग आला. एवढं येत असताना तीन वर्षं ही वर पडून राहिली? तीन वर्षं? प्रेमाच्या पोटी आलेला राग होता, आणि तो सगळ्यांत आंधळा असतो.

दर तासाला डॉक्टर आत जाऊन मिलीच्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावायचे आणि बाहेर येऊन आकडा जाहीर करायचे, क्रिकेटची धावसंख्या सांगावी तसे.

“अठ्ठ्याण्णव! नाडी ब्याऐंशी!”

“बघा,” आत्या म्हणायची. “रंगात आली की कशी तरतरीत दिसते. माणसात बसायला हवं हिनं. एकटेपणा, दुसरं काही नाही.”

“कामाची सवय,” थोरला म्हणायचा. “सवय मोडली होती.”

“हालचाल,” डॉक्टर म्हणायचे.

तिघांची तीन कारणं होती, तरी प्रत्येकाला आपलंच सिद्ध झाल्याचा आनंद मिळत होता. उचलली जीभ लावली टाळ्याला. काचेपलीकडची बाई तोंडातून शब्द न काढता आपल्या प्रत्येक मिनिटाची किंमत मोजत होती. दीड वाजता ती दहा मिनिटं जमिनीवर आडवी झाली, थंड फरशीवर, डोळ्यांवर रुमाल टाकून. आत्यानं ते पाहिलं आणि “योगासनं करते वाटतं,” म्हणाली.

सगळ्यांत वाईट अवस्था धाकटीची झाली. सकाळी ती एकटी बहिणीच्या बाजूनं होती. तीन वर्षं ती नवऱ्याशी, सासूशी, मैत्रिणींशी या आजारावरून भांडली होती. एका समारंभातून तर रागारागानं उठून आली होती. आणि आता साडेतीनच्या सुमारास आठवा काटा लावून मिली तिच्याकडे बघून हसत होती. डॉक्टर काचेतून बायकोकडे बघत होते. काही बोलत नव्हते. न बोलताच जिंकत होते.

धाकटी आत गेली. “ताई, तू तर ठीक आहेस.”

“आज.”

“म्हणजे बसू शकतेस तू. सहा-सहा तास.”

“छोटे, तूच सकाळी सांगत होतीस ना, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी म्हणून?”

“ते मी वाचलेलं सांगत होते. हे मी बघतेय.”

मिलीचा हात कानशीवर थांबला. दादाचं, आत्याचं, डॉक्टरचं तिला काही वाटलं नव्हतं. दगडाकडून दूध कोण मागतं? पण धाकटी ही एकच खुर्ची होती जिच्यावर ती टेकू शकत होती.

“जा बाहेर,” ती म्हणाली. “तुझ्या श्वासानं आकडा हलतोय.”

धाकटी बाहेर आली आणि पहिल्यांदाच नवऱ्याशेजारी जाऊन बसली. डॉक्टरांनी तिला जागा करून दिली. सकाळपासून तीनास एक असलेला सामना आता चारास शून्य झाला होता.

पाचला अकरावा काटा झाला.

वहिनीनं नोंदवही उघडली. कारखान्याची वही तीन रकान्यांची होती: वजन ठेवल्यावर, उतरवल्यावर लगेच, आणि तिसरा ‘चहानंतर’. हा तिसरा रकाना आजोबांनी घातलेला. पुष्कळ वेळ वजन सोसलेला काटा उतरवल्याबरोबर इमानदारीत शून्य दाखवतो. खरी खोट नंतर सरकत-सरकत बाहेर येते. म्हणून वजन उतरवायचं, जाऊन चहा प्यायचा, मग येऊन शून्य बघायचं. त्याआधी शिक्का मारायचा नाही. थोरल्यानं तरुणपणी एकदा घाईत तो रकाना न बघताच शिक्के मारले होते आणि दवाखान्याचे काटेच्या काटे परत आले होते. तेव्हा आजोबा हयात होते. त्यांनी वहीत काट्यांपुढे ‘नापास’ लिहिलं नाही. ‘चाचणी चुकली’ असं लिहून थोरल्याची सही घेतली होती. ती भानगड अजून कोणी त्याच्यासमोर काढत नसे.

सगळ्यांनी चहा घेतला. मिलीनं घेतला नाही. ती कठड्याला धरून वर गेली, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत. “दमली बिचारी,” आत्या म्हणाली. जिंकल्यावर माणसाला उदार व्हायला काही लागत नाही.

वहिनीनं अकराही काट्यांचा तिसरा रकाना भरला. सगळे शून्यावर. तसं काम या कारखान्यात दुसरं कोणी करत नव्हतं.

“आणखी एक ओळ लिही,” थोरला रंगात येऊन म्हणाला. “लिही: मिली. वजन ठेवल्यावर, सात तास. उतरवल्यावर लगेच, शून्य. दोष नाही!”

आत्या हसली, डॉक्टर हसले. वहिनीनं लिहिलं. तिलाही हसू येत होतं.

“आणि चहानंतर?”

“ती वर गेली. राहू दे ते. हे बघ, मी काही राक्षस नाही. उद्या तिला आराम. मंगळवारी आठला खाली.”

सोमवारी वहिनीनं ताट वर नेलं. मिलीनं चार घास खाल्ले. “ठीक आहेस ना?” “अजून आहे,” मिली म्हणाली. वहिनीला वाटलं, वन्सं नेहमीसारख्या तिरकं बोलताहेत.

मंगळवारी आठ वाजले. साडेआठ वाजले. थोरल्यानं दोनदा जिन्याकडे पाहिलं आणि फोन उचलला.

“मला ठाऊकच होतं,” तो म्हणाला. “तमाशा बघायला माणसं असली की काम, नाहीतर झोप. मी त्या कारागिराला आजच बोलावतो.”

“थांबा,” वहिनी म्हणाली. “बघून येते.”

ती पाय आपटतच वर गेली. दार लोटलं. खोलीत अंधार होता. मिली कुशीवर पडली होती, डोळ्यांवर टॉवेल, एक हात पलंगाबाहेर लोंबत. वहिनी म्हणाली, “आठ वाजून गेले वन्सं,” आणि तिच्या साध्या आवाजानं मिलीचं अख्खं अंग आक्रसलं. वहिनीनं पेला तिच्या हातात दिला. बोटं पेल्याभोवती मिटलीच नाहीत. परवा ज्यांनी केसभर घासलं होतं तीच बोटं. पाणी चादरीवर सांडलं. मिलीनं टॉवेल बाजूला करायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेही पुसता येईना. वहिनीनं पुसलं.

अशी अवस्था वहिनीनं आधीही दाराच्या फटीतून पाहिली होती. पण तेव्हा ती का आली ते ठाऊक नसायचं. काहीतरी चालू असतं असं म्हणून ती ताट ठेवून निघून जायची. आज कारण ठाऊक होतं. आपण सगळ्यांनी मिळून हे केलं, आणि ती ओळ आपण आपल्या हातानं लिहिली. वहिनीला स्वतःची अशी लाज वाटली की तिला तिथे उभं राहवेना.

ती खाली आली. थोरला फोनवर “हो, आजच या,” म्हणत होता. वहिनीनं नोंदवही उघडली आणि बाबांच्या मांडीवर ठेवली.

“बाबा, ही बारावी ओळ बघा.”

बाबांनी चष्मा लावला. ओळ वाचली. मग बोट सरकत तिसऱ्या रकान्यावर आलं.

“हा रिकामा का?”

बाबांनी वहीतून डोळे वर केले.

“चहानंतर कोणी बघितलं हिला?”

“बाबा, ती थट्टा होती,” थोरल्यानं फोनवर हात ठेवला.

“काल कोणी बघितलं? आज?”

“मी आत्ता बघितलं,” वहिनी म्हणाली. “तुम्ही बघा.”

बाबा उठले. सतरा पायऱ्या त्यांनी बसत-बसत चढल्या, लहान मूल चढतं तशा. थोरला हात द्यायला गेला तर त्याला “सोड,” म्हणाले. वर पोचायला त्यांना बराच वेळ लागला. वहिनीनं पलंगाजवळ स्टूल सरकवलं.

दोन वर्षांत बाबांनी ही खोली पाहिली नव्हती. खिडकीच्या फटींना लावलेले कागद, उशाशी कापसाचे बोळे, पलंगापासून मोरीपर्यंत भिंतीला धरून जाण्यासाठी ठोकलेली दोरी. दोरी कोणी ठोकली? तिनं स्वतःच, कधीतरी, चांगल्या दिवशी. बाबा तिच्या तोंडाजवळ वाकले.

“मिली.”

तिचे ओठ हलले. बाबांनी कान आणखी जवळ नेला.

“परवा,” ती म्हणाली. तेवढंच बोलता आलं तिला.

बाबांनी तिचा बाहेर लोंबणारा हात उचलून चादरीवर ठेवला. या हातांकडे बघत ते रविवारभर बसले होते. खुशीत बसले होते.

ते खाली आले तेव्हा थोरल्यानं फोन ठेवलेला होता. बाबांनी वही ओढली, पेन मागितलं आणि तिसऱ्या रकान्यात लिहिलं: पाणी धरता येत नाही. मग जुन्या रीतीनं त्याखाली: चाचणी चुकली.

“सही,” ते म्हणाले.

“सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं,” थोरला म्हणाला. “एकट्या माझ्यावर का?”

“सगळ्यांची घे. डॉक्टरची घे, तुझ्या आत्याची घे. धाकटीला म्हणावं संध्याकाळी ये. पहिली माझी.” त्यांनी सही केली. वहिनीनं न सांगता पेन घेतलं आणि खाली आपलं नाव लिहिलं. “आणि त्या माणसाला पुन्हा फोन कर. म्हणावं टेबल रिकामं नाही.”

“पण काम कोण करणार? ग्राहक थांबतील का?”

“नाही थांबणार. जातील.”

थोरला वहीकडे बघत राहिला. वीस वर्षांपूर्वी याच शब्दांखाली त्यानं एकदा सही केली होती. त्या वेळी त्याला काट्यांचं वाईट वाटलं नव्हतं, आपल्या अपमानाचं वाटलं होतं. आताही आधी तेच वाटलं. मग वरून काहीतरी पडल्याचा आवाज आला, पेला असावा, आणि त्यानं सही केली.

“किती दिवस लागतील तिला?” त्यानं विचारलं. “आठवडा? महिना?”

“ठाऊक नाही.”

“आणि हे होतं तरी कशानं?”

“कोणालाच ठाऊक नाही,” बाबा म्हणाले.

तीन वर्षांपूर्वी त्या तज्ज्ञ बाईंनी हेच सांगितलं होतं. आज कोणी हसलं नाही.